प्लंबर आहे का कुणी?

सव्वीस वर्षांत स्टेजवर मी एकदाही कुणाला 'नाही' म्हटलेलं नाही! घरी म्हणते, दिवसातून चाळीस वेळा म्हणते, नवऱ्याला विचारा. पण स्टेजवर? छे! आमचं नाटक असतं आयत्या वेळचं. प्रेक्षकांनी एखादा शब्द ओरडायचा, आम्ही तो उचलायचा आणि तिथल्या तिथे नाटक रचायचं. नियम एकच. समोरचा म्हणेल ते खरं मानायचं आणि त्यात आपली भर घालायची. तो म्हणाला तू घोडा आहेस, की खिंकाळायचं! गुडघ्यांचं काय ते नंतर बघू.

मी नोरीन टिपेट, वय अडुसष्ट. स्टेजवरचा माझा जोडीदार क्लाइव्ह, वय एकाहत्तर. टास्मानियातल्या आमच्या बर्नी गावात त्यानं जन्मभर बस चालवली. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी दुपारी दोन वाजता बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये आमचा खेळ. क्लाइव्हची बायको दोन वर्षांपूर्वी गेली. तेव्हापासून महिन्यातून त्या एकाच दिवशी तो दाढी करतो.

आणि नेमका तोच शनिवार क्लबच्या अध्यक्षीण बेरिलबाई आकड्यांच्या हाउजीला द्यायला निघाल्या होत्या!

"हाउजीला शंभर माणसं येतात," बेरिलबाई म्हणाल्या. "तुम्हाला येतात बावीस. त्यातली सहा झोपलेली असतात."

"पाच!" मी म्हटलं. "नॉर्मचे डोळेच तसे आहेत."

"आज मी स्वतः बघते. मग ठरवते."

झालं! बेरिलबाई क्लबचा पांढराशुभ्र गणवेश घालून पहिल्या रांगेत, हाताची घडी. क्लाइव्ह गुळगुळीत दाढी करून माझ्या शेजारी, घामाघूम.

"एखादा धंदा सांगा!" मी विचारलं. कुणीतरी खोकलं. तेवढ्यात मागचं दार धाडकन उघडलं आणि बार सांभाळणारा रॉडनी ओरडला, "प्लंबर! प्लंबर आहे का कुणी?"

"वा! प्लंबर!" मी टाळी वाजवली.

क्लाइव्हनं लगेच वाकलेल्या प्लंबरसारखी पँट कमरेखाली सरकवली आणि विचारलं, "बोला बाई, कुठं गळतंय?"

"नोरीन, अगं खेळ नाही हा! किचनमधला पाइप फुटलाय!"

"ऐकलंत? किचनमधला!" मी रॉडनीला धरून स्टेजवर ओढलं. "हा आमचा जावई. जिथं हात लावेल तिथं फुटतं!"

"मी जावई नाही!"

"बघा, आता नातंही तोडतोय मेला!"

हॉल हसला. खरंखुरं हसला! तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून कीथ उठले. "मी चाळीस वर्षं प्लंबर होतो..." असं काहीतरी पुटपुटत ते स्टेजवर आले. पण प्लंबर तर क्लाइव्ह होता! एका नाटकात दोन प्लंबर काय करायचेत?

"या विहीणबाई, या!" मी हात पसरले.

कीथ कोट सावरून खुर्चीत बसले आणि बारीक आवाजात म्हणाले, "या घरात चहासुद्धा विचारत नाहीत बाई!"

लोक हसून हसून बेजार. थोडक्यात, अख्ख्या हॉलमध्ये ज्या एका माणसाला पाइप दुरुस्त करता येत होता, तो चहाची वाट बघत बसला.

"पाणी! पाणी आलं!" मागच्या रांगेतून आवाज आला. मला वाटलं, काय रंगलंय नाटक, प्रेक्षकांनाही पाणी दिसायला लागलं! मग लोक उठून उभे राहिले. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा लोक उभे राहिले, आणि तेही खुर्च्यांवर! मला तर भरूनच आलं.

क्लाइव्ह स्टेजवरून खाली उतरला. छप्प!

"नोरीन," तो कुजबुजला, "मोजे भिजले माझे."

"माझेही भिजले!" मी ठणकावून म्हटलं.

"अगं बाई, खरंच!"

मी खाली बघितलं. हाउजीच्या तिकिटांचा गठ्ठा तरंगत दाराकडे चालला होता!

थांबावं? थांबलं की शनिवार गेला. मी क्लाइव्हकडे पाहिलं. घोटाभर पाण्यात उभा राहून तो हसत होता. दोन वर्षांत त्याला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. मग कसली थांबतेय!

"विहीणबाई, मुख्य कॉक बंद करून या, मग चहा!"

"या घरात सगळं मलाच करावं लागतं!" म्हणत कीथ पँट दुमडून ठसक्यात निघाले. क्लाइव्हनं उरलेल्या हॉलला वऱ्हाडी करून टाकलं. क्लबचे चांदीचे कप कपाटातून निघाले, रांग लागली आणि कपाकपानं पाणी बाहेर जाऊ लागलं. जो तो मानपानावरून भांडतोय! आणि बेरिलबाई उठल्या.

"अठ्ठ्याऐंशी सालचा करंडक आहे तो!" त्या कडाडल्या.

"म्हणून तर आत्याबाई, तो तुमच्या मानाचा!" क्लाइव्हनं करंडक त्यांच्यासमोर धरला.

बेरिलबाईंनी करंडक घेतला, पाण्यात बुडवला आणि म्हणाल्या, "माझा मान ठेवणार नसाल तर मी जेवायला थांबणार नाही, सांगून ठेवते!"

असा हशा आणि अशा टाळ्या बर्नीनं ऐकल्या नसतील! काय सांगू तुम्हाला, पुढचं वाक्य काय ते ठाऊक नसतं, तोंड उघडावं आणि ते यावं, यासारखं सुख नाही. इतकी वर्षं झाली, पण पहिल्या दिवसाइतकाच आनंद होतो. पाणी ओसरलं तरी लोक घरी जाईनात!

सोमवारी बेरिलबाईंचा फोन आला. "शनिवार तुमचा. कायमचा! पुढची सगळी तिकिटं खपली. फक्त एक अट आहे. लोकांना हेच नाटक हवंय. शब्द न् शब्द हेच. पाण्याचं रॉडनी बघेल."

तेव्हापासून मी, क्लाइव्ह आणि विहीणबाई वही उघडून बसलोय. कोण काय बोललं, तिघांपैकी एकालाही आठवत नाही!

मग वरचे एवढे संवाद कुठून आले म्हणता? कुणाला सांगू नका हं. आत्ताच सुचले!