धोंडूदादाची शिदोरी

धोंडूदादा शिकारीला निघाला की आधी त्याचं गाठोडं दिसायचं, मग बंदूक आणि मग दादा. बंदूक आजोबांच्या वेळची, ठासणीची. मनात आलं तर उडायची. माझी दुनळी मुंबईहून आगबोटीने आणलेली. तरी रानडुकरं भातात शिरली की तळा गावाकडची माणसं आधी दादाला बोलवायची. मला ते फार लागायचं.

"नेम पोटात असतो," दादा म्हणायचा. चढ लागायच्या आधी गुळाचा खडा, तहान लागायच्या आधी तुंब्यातलं घोटभर पाणी, उन्हं डोक्यावर आली की भाकरी. दिवसभर रान तुडवून हा माणूस संध्याकाळी ताजा. मी दुपारीच जांभळीखाली आडवा. एकदा डुक्कर माझ्या पुढ्यातून गेलं, तेव्हा मी वातड चपातीशी झटापट करत होतो.

दादाची भाकरी तांदळाची, मऊ लुसलुशीत; सोबत सुकटीची चटणी. सगळ्यांना वाटत तो म्हणायचा, "आमच्या घरातनं दिलंय." मग जो तो सगुणावहिनींचं नाव काढी. त्यांना फारसं कुणी पाहिलेलं नव्हतं. घर खाडीपलीकडे, एकटं. मी घरी येऊन बायकोला ऐकवायचो, "शिकाऱ्याची बायको असावी तर अशी."

"मग तिच्याकडेच जा जेवायला," ही म्हणायची.

शेवटी मी गेलोच. जेवायला नव्हे, चटणी कशी करतात ते विचारायला. डुकरं उठवायला रानात हाकारा घालायचा होता, त्या दिवशी उजाडताच दादाच्या दारात उभा राहिलो. आत दादा चुलीपुढे बसून भाकरी थापत होता. वहिनी बाजेवर होत्या. वाताने त्यांच्या दोन्ही हातांची बोटं पार वळून गेली होती.

"कडंला पानी लावा, न्हायतर फाटंल," त्या सांगत होत्या.

मला बघून दादा ओशाळला. बाहेर येऊन हळूच म्हणाला, "लय दिस झालं. चव तिचीच हाय, मी नुसता थापतो. कुनाला बोलू नको. लोकं नाव काढतात ते घरी येऊन सांगतो, त्या दिवशी ती दोन घास जास्ती जेवते."

दुपारी जांभळीखाली गाठोडं सुटलं. "आमच्या घरातनं दिलंय," दादा म्हणाला, माझ्याकडे न बघता. त्याच्या मानाचा आणि भाकरीचा हेवा मी पुष्कळ केला होता. पण दादाचा इतका हेवा मला कधीच वाटला नव्हता. घास गिळून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो, "वहिनींच्या हाताला चव आहे."

"सांगतो तिला," दादा म्हणाला, आणि आणखी एक भाकरी माझ्या हातावर ठेवली.