सालोमीआजीचं समालोचन

आमच्या चर्चमध्ये पाळकसाहेब उपदेश करतात आणि सालोमीआजी त्यांचं समालोचन करते. क्रिकेटच्या मॅचला करतात ना, अगदी तसं. पहिल्या बाकाच्या कडेला, कापडी पिशवी छातीशी धरून तिची पुटपुट सुरू.

"उठलं बगा साहेब. चष्मा इसरलं. न्हाई, घावला, खिशातच व्हता. शेवंता आत्ता येतीया. आन् गजरा तर बगा, हिचंच लगीन हाय जनू!"

मी पेटी वाजवतो. माझी सतरंजी नेमकी त्या बाकासमोर, त्यामुळे हे सगळं आधी माझ्या कानात. शेवंताचं ठीक आहे, साहेबांचंही ठीक आहे. पण आपण मन लावून गीत धरावं आणि मागून "पेटीवाल्यानं आज बी सूर सोडला" ऐकू यावं, म्हणजे हद्द झाली! एकदा उपासना सुटल्यावर मी तिला गाठलंच.

"आजी, देवाला दिसतंय की सगळं. तुम्ही कशाला सांगता?"

"देवाला ठाऊक हाय रं, पर सांगाया काय जातंय?"

हे तिचं ठेवणीतलं वाक्य. महिला मंडळाच्या प्रार्थनेतही तिचा हाच खाक्या. "प्रभू, यवतची लीलाबाई, ष्ट्यांडामागं ऱ्हाती ती, पिवळ्या दाराची. दुसरी न्हवं, ती धडधाकट हाय. हिच्या गुडघ्याला हात लाव. डाव्या." देवाची चुकामूक होऊ नये म्हणून एवढी काळजी. प्रार्थना संपली की त्याच लीलाबाईसाठी पिशवीतून डिंकाचे लाडू निघायचे. आमच्या केडगावात कुणी आजारी पडलं आणि आजी गेली नाही, असं व्हायचं नाही.

तिच्या स्वतःच्या घरी मात्र कुणी जायचं नाही. उन्हाळ्यात शांतवनआबांना, म्हणजे तिच्या नवऱ्याला, लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. दौंडचे डॉक्टर म्हणाले, त्यांच्याशी सारखं बोलत राहा, बोलले तर असेच बोलतील. पण आबांच्या तोंडून शब्द फुटेना. कुणी भेटायला आलं की वाकडं झालेलं तोंड दिसू नये म्हणून ते भिंतीकडे वळायचे. शेवटी आजीनंच सगळ्यांना सांगितलं, "नगा येऊ. ते लाजत्यात."

आणि लाजतात कोण, तर आबा! आमच्याकडं कापणीचा सण असतो. शेतातलं पहिलं पीक चर्चला आणायचं. कुणी बाजरी, कुणी कोंबडा, कुणी भोपळा. उपासनेनंतर आवारात त्याचा लिलाव. तो पुकारायचा मान वर्षानुवर्षं आबांचा. आवाज असा की रेल्वेच्या फाटकावरची माणसं वळून बघायची. आणि बायकोवर तर खास मेहेरनजर! आजीनं बोली लावली की हा माणूस "दोन वार" म्हणून थांबायचा. मिशीवर हात फिरवायचा, आभाळाकडं बघायचा, पण कुणी बोली वाढवेपर्यंत "तीन" काही म्हणायचा नाही.

"माज्याच येलाचा भोपळा आन् मलाच म्हाग!" म्हणत आजी दरवर्षी तो चढ्या भावानं घरी न्यायची.

तर एका रविवारी सगळे डोळे मिटून शांत बसलेले असताना आजीच्या पिशवीतून शिंक आली. पुरुषाची. मी डोळे उघडले, तर आजीनं पिशवी पोटाशी घट्ट दाबलेली. बाहेर आल्यावर तिनं मला बाजूला ओढलं आणि पिशवी उघडून दाखवली. आत मोबाईल. चालू.

"सून घरी त्यांच्या कानाशी धरून बसती. गानी ऐकू जात्यात, उपदेश ऐकू जातोय. पर कोन आलं, कोन न्हाई, ते कसं कळायचं? म्हून सांगती." मग दटावून म्हणाली, "कुनाला बोलू नगं. समदी रडत येत्याल घरला, आन् ते परत भित्तीकडं तोंड करत्याल."

इतके महिने मी त्या पुटपुटीवर चिडत होतो. त्यानंतर सूर चुकला की मीच आजीकडं बघायचो, गेली का बातमी म्हणून.

यंदा कापणीचा सण आला आणि साहेबांनी पुकारायला मला उभं केलं. आजी लगेच पिशवीत वाकली. "पेटीवाला पुकारतुया. प्रभूच राखो." बाजरी गेली, कोंबडा गेला आणि आजीच्या वेलाचा भोपळा आला. आजीनं बोली लावली.

"एक वार," मी म्हणालो. "दोन वार."

आणि का कोण जाणे, आबांसारखा थांबलो. मला मिशी नाही, म्हणून कान खाजवला. मागं यशवंतानं बोली वाढवायला हात वर केला. तेवढ्यात पिशवीतून आवाज आला.

"ती... न."

घोगरा, जड, अर्धामुर्धा. पण फाटकावरच्या माणसांना वळायला लावणारा तो आवाज आमच्यापैकी कोण ओळखणार नाही? आवारातला गलका बंद झाला. जन्मभर बायकोला महाग देणाऱ्या माणसानं आज तिच्यासाठी घाई केली होती.

"तीन वार!" मी ओरडलो, घरी ऐकू जावं म्हणून.

मी भोपळा नेऊन आजीच्या हातात दिला. ती गप्पच. सालोमीआजी गप्प, हे मी पहिल्यांदाच बघत होतो. मग तिनं भोपळा काखेत मारला आणि पिशवीत तोंड घातलं.

"अवं, ऐकताय न्हवं? मिळाला भोपळा. स्वस्तात मिळाला. समदी गप झाल्यात. यशवंताचा हात अजून वरच हाय. शेवंता पदर लावतीया डोळ्याला. पेटीवाला रडतुया." थोडं थांबून ती म्हणाली, "मी? मी कशाला रडू? भोपळा जड हाय, म्हून आवाज तसा येतोय."