काचेतली पाचवी

"दाजी, लोक जाहिरात बघत नाहीत. लोक भानगड बघतात," असं म्हणत मल्लेशने गल्ल्यावर बसूनच मिरची भज्याचा तुकडा तोडला.

ईरण्णा हंचाटेच्या साडीच्या दुकानात सकाळपासून एकच गिऱ्हाईक आलं होतं, आणि तेही पत्ता विचारून निघून गेलं होतं. गदगच्या स्टँडाजवळ चार मजली गारेगार दुकान उघडल्यापासून ही गत होती. अर्धं गाव तिथे साडी घ्यायला जाई आणि उरलेलं अर्धं नुसता गारवा खायला. मल्लेश हा ईरण्णाचा मेव्हणा, हुबळीत जाहिरातीचा धंदा करणारा. दाजींचं दुकान वाचवायचा त्याने विडाच उचलला होता. आधी पत्रकं वाटली, ती गिरमिटाच्या, म्हणजे मसाला चुरमुऱ्यांच्या, पुड्या बांधायला कामी आली. मग भोंगा लावून रिक्षा फिरवली, तर रिक्षावाला दिवसभर स्वतःच्या सासुरवाडीच्या गल्लीतच ओरडत राहिला. चौकात फलक लावला, त्यावर दुसऱ्याच दिवशी कुण्या पुढाऱ्याचा वाढदिवस चढला.

"आता कसली भानगड?" ईरण्णाने धास्तावून विचारलं.

"पुढच्या काचेत पाच पुतळ्या उभ्या करायच्या. त्यातली एक जिवंत बाई. ओळखेल त्याला रेशमी इरकल. पण चिठ्ठी टाकायची तर आधी दुकानात खरेदी!"

"आणि न हलता, न बोलता उभी राहणारी बाई आणायची कुठून? आमच्या घरात तर नाही."

"ऐकलं हं मी," आतून चन्नव्वाचा, म्हणजे ईरण्णाच्या बायकोचा, आवाज आला.

अशी बाई बेटगेरीत सापडली. तुंगाबाईचा उभा जन्म नाटक कंपनीत गेला होता. एका नाटकात ती देवीची मूर्ती व्हायची. नायक अख्खा अंक तिच्यापुढे रडायचा आणि नाकावर माशी बसली तरी तिची पापणी लवायची नाही. कंपनी बंद पडल्यावर ती बहिणीच्या घरी शेवया वळत दिवस काढत होती.

"उभी राहीन मी," ती म्हणाली. "पण ह्याला काम म्हणायचं न्हाई. भूमिका म्हणायचं. आणि मधनं मधनं पडदा पाडून चहा द्यायचा."

दुकानात तीन पुतळ्या होत्याच. चौथी मल्लेशने हुबळीतल्या एका बंद पडलेल्या दुकानातून आणली. तिला हिरवी साडी नेसवून कोपऱ्यात उभं केलं आणि पायाशी पाच आकड्याची पाटी ठेवली. तिच्याशेजारी, चार नंबरला, चेहऱ्यावर गुलाबी रंग थापून तुंगाबाई उभी राहिली. ईरण्णाने रस्त्यावर जाऊन पाहिलं आणि त्याचं त्यालाच ओळखू येईना.

भानगड चालली. शाळा सुटली की पोरं काचेला नाकं लावत, बाजाराहून परतणाऱ्या बाया पिशव्या खाली ठेवून टक लावत. चिठ्ठीपायी कुणी खण घेई, कुणी परकर, कुणी नुसताच फॉल. ईरण्णाला चार दिवस जेवायला फुरसत मिळाली नाही. मल्लेश कॉलर ताठ करून फिरू लागला.

फक्त एक गोष्ट विचित्र होती. ज्याच्या त्याच्या तोंडी पाचवीच.

"पाचवी हलली बघ!"

"मघाशी माझ्याकडं बघितलं तिनं. मी सरकले, तर डोळं माझ्या मागं आलं."

"आणि ती चौथी बघ, काय ढ पुतळी आणलीय. नाक बघ की तिचं!"

ईरण्णा मनातल्या मनात हसे. कुणी ओळखलंच नाही तर साडी घरातच राहणार होती. पण एका दुपारी रस्ता सुनसान असताना समोरची फुलवाली गौरव्वा उठून आली. ती सहसा जागची हलत नसे.

"ईरण्णा, कोपऱ्यातलीला पाणी दे रे. ओठ सुकलेत तिचं."

"प्लास्टिकची आहे ती, गौरव्वा," तो हळूच म्हणाला. "कुणाला सांगू नको."

गौरव्वाने काचेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "मग सकाळपासनं ती माझ्या अबोलीच्या गजऱ्याकडं का बघतीय?" असं म्हणून तिने एक गजरा त्याच्या हातात ठेवला आणि पैसे न घेताच ती निघून गेली.

त्याच संध्याकाळी साड्या बदलायला काचेत गेलेली चन्नव्वा हात पुसत बाहेर आली. "पाचवीला साडी कोण नेसवतं?"

"तूच की."

"माझ्या निऱ्या गोणपाटासारख्या असतात, तुम्हीच म्हणता. ह्या बघा, कशा बारीक, जुन्या वळणाच्या. आणि झंपर काखेत ओला आहे. प्लास्टिकला घाम येतो, अहो?"

"काचेत उकडतं. वाफ असेल."

"मग बाकीच्या तिघी कोरड्या कशा?"

त्या दिवसापासून ईरण्णा कोपऱ्याकडे पाठ न करता, खेकड्यासारखा आडवा चालू लागला. शेवटी त्याने चहाच्या वेळी तुंगाबाईलाच गाठलं. "अक्का, पाचवीची साडी तुम्ही नेसवता का? गंमत म्हणून?"

तुंगाबाईने बशी खाली ठेवली. "मी कशाला? ती तिची नेसते. मला वाटलं, तुम्ही जिवंत बाया दोन ठेवल्यात. म्हटलं, आपण कशाला विचारा."

विषय बदलावा म्हणून ईरण्णा बोलून गेला, "गाव मात्र वेडं झालंय. सगळ्या चिठ्ठ्या पाचवीच्याच!"

"माझ्या नावाची एकबी न्हाई?"

"न्हाई. म्हणजे बघा, तुम्ही इतक्या झकास उभ्या राहता की—"

"जलम गेला अण्णा रंगमंचावर," तुंगाबाईचा आवाज कापला, "आणि गावाला मी प्लास्टिक वाटले!" तिने चहा तसाच टाकला आणि जाऊन उभी राहिली.

निकालाच्या दुपारी रस्ता माणसांनी गच्च भरला. ऊन थेट काचेवर होतं. मल्लेशने माइकवरून जाहीर केलं, "आता जिवंत बाई स्वतः पुढं येऊन नमस्कार करील!"

कुणीच पुढे आलं नाही.

"तुंगाक्का," ईरण्णा काचेच्या फटीतून कुजबुजला, "या की."

तुंगाबाईची पापणीसुद्धा लवली नाही. रुसली होती ती.

"पाचवीला बोलवा!" गर्दी ओरडली. "साडी द्यायला नको म्हणून लपवतोय! चोर!"

"दाजी," मल्लेशच्या कपाळावर घाम आला होता, "पाचवीला उचलून बाहेर आणा. प्लास्टिक आहे हे दाखवा, न्हाईतर काच फुटते आज."

ईरण्णा काचेत शिरला. त्याने डोळे मिटूनच पाचवीचा हात धरला. हात कोमट होता. उन्हाने असेल, त्याने स्वतःला बजावलं, आणि तरी त्याच्या तोंडून निघून गेलं, "चला अक्का, जरा बाहेर."

त्याने हलकेच ओढलं. कट् असा आवाज झाला आणि खांद्यापासूनचा हात बांगड्यांसकट त्याच्या हातात आला.

गर्दीतून पहिली किंकाळी फुटली. "यव्वा! बाईचा हात तोडला!" लोक चपला, पिशव्या, एक सायकलसुद्धा टाकून पळाले. मल्लेश माइक हातात घेऊनच पळाला, त्यामुळे "मेलो, मेलो" हे पुढच्या चौकापर्यंत ऐकू गेलं.

थोड्या वेळाने हवालदार आला. ईरण्णा अजून तो हात छातीशी धरून बसला होता.

"साहेब, आतून पोकळ आहे, बघा तरी! जिवंत ती चौथी आहे."

हवालदाराने हातात डोकावून पाहिलं. मग त्याने चौथीच्या गालावर टकटक केलं, तिच्या डोळ्यांपुढे बोटं नाचवली. "ही? ही तर त्याहून प्लास्टिक!" तो वळून वहीत लिहू लागला.

त्या शब्दांनी मात्र तुंगाबाईचा रुसवा गेला. ह्याहून मोठी दाद आजवर कुणी दिली नव्हती. ती हवालदाराच्या पाठीमागून पुढे झुकली आणि कंपनीच्या पद्धतीने, वरच्या पट्टीत म्हणाली, "आभारी आहे, महाराज!"

हवालदाराची टोपी काचेतच राहिली. ती न्यायलाही कुणी आलं नाही.

ईरण्णाने दुकान विकून टाकायचं मनाशी ठरवलं. सकाळी घाबरत कुलूप काढायला गेला, तर दारात बायांची रांग. गौरव्वा सगळ्यांच्या पुढे. "तिला लागलं असंल रे. ओटी भरायची आहे. हिरवं लुगडं दाखव एक चांगलं, आणि खण."

मागचीलाही हिरवंच हवं होतं. तिच्या मागचीलाही. चन्नव्वाने पाचवीचा हात जोडून त्यावर हळदीचं फडकं बांधलं. दुपारपर्यंत दुकानात एकही हिरवा नग उरला नाही. चार मजली दुकानाच्या मालकाची बायकोसुद्धा डोक्यावर पदर ओढून येऊन गेली. ईरण्णाने पाचवीला माळ्यावर ठेवायची गोष्ट काढली, तेव्हा चन्नव्वा म्हणाली, "तुम्ही जा माळ्यावर."

दिवाळी तोंडावर आली तसा मल्लेश पुन्हा उगवला. त्याच्या सांगण्यावरून ईरण्णा तुंगाबाईकडे गेला. "परत उभ्या राहता का, अक्का? ह्या खेपेला स्पर्धा न्हाई. नुसतंच."

"राहीन की," तुंगाबाई शेवया वळता वळता म्हणाली. "पण मला दुसऱ्या टोकाला ठेवा. तिच्या शेजारी नको."

"का? रागावलात अजून तिच्यावर?"

"राग कसला. लई गुणाची आहे. पण मी उभी राहिले की ती कानाशी सारखी पुटपुटते, विंगेतून सांगतात तसं."

ईरण्णाने ओटा घट्ट धरला. "काय पुटपुटते?"

"मी विसरलेले संवाद," तुंगाबाई म्हणाली. "आणि एक शब्दबी चुकत न्हाई हो मेली."