सासूबाईंचा निरोगी गुडघा

एकोणचाळीस फॉर्म भरून झाले होते आणि चाळिसावा माणूस काही मिळत नव्हता. नाहीतर क्लाइव्ह ऑर्मरॉड सासूच्या वाटेला जाणाऱ्यांतला नव्हता.

तो डॉक्टर होता, पण पीएच.डी.वाला; यॉर्कच्या विद्यापीठात आरोग्याचं अर्थशास्त्र शिकवून त्याला सव्वीस वर्षं झाली होती. दर वर्षी नवी पोरं यायची आणि तो तेच सांगायचा: आजार किती वाईट हे मोजायचं असेल तर माणसाला विचारा, हा आजार जावा म्हणून आयुष्यातली किती वर्षं सोडाल? पोरं जांभया द्यायची. अलीकडे शिकवताना तोही द्यायचा.

शुक्रवारी पाहणीचा अहवाल द्यायचा होता. विद्यार्थ्यांच्या विनवण्या करून झाल्या, कॅन्टीनमधल्या बाईंना चहाबरोबरचे स्कोन वाढता वाढता गाठून झालं. बुधवारी संध्याकाळी तो दमून घरी आला, तर सासूबाई त्याच्या अभ्यासिकेत दुखरा गुडघा उशीवर ठेवून टीव्ही बघत होत्या. (अभ्यासिका त्याची म्हणायची एवढंच. गेले अकरा महिने तिथे पलंग सासूबाईंचा, टीव्ही सासूबाईंचा आणि राज्यही त्यांचंच. क्लाइव्ह वॉशिंग मशीनशेजारी बसून शोधनिबंध लिहायचा.) सासूबाई, म्हणजे म्यूरियलबाई, आल्या होत्या गुडघ्याच्या ऑपरेशनपुरत्या. ते येत्या सोमवारी होतं. त्यानंतर सहा आठवड्यांत त्या आपल्या घरी आणि क्लाइव्ह आपल्या खुर्चीत. त्या सोमवारकडे तो डोळे लावून बसला होता.

'घरचंच माणूस आहे, विचारून टाकू,' असं त्याला वाटलं, तिथेच तो फसला.

"आई, पाच मिनिटं आहेत का?"

"ऐंशी पुरी झाली, जावईबापू. आता असली तर पाचच मिनिटं असतील. बोला."

"समजा, या गुडघ्यासकट तुम्ही अजून दहा वर्षं जगणार आहात."

"तुमच्या तोंडात साखर पडो!"

"समजा म्हटलं मी. आणि समजा, गुडघा ठणठणीत झाला, पण वर्षं नऊच मिळाली. चालेल?"

"एक कुठं गेलं?"

"ते तुम्ही दिलंत."

"कुणाला?"

"कुणालाच नाही. नुसतं दिलंत."

"मी जुनी किटली कुणाला फुकट देत नाही, आणि वर्ष देऊ?"

सहा महिने? नाही. एक महिना? छे. क्लाइव्ह घासाघीस करत एका आठवड्यावर आला.

"आठवडासुद्धा नाही," सासूबाई म्हणाल्या. "त्यात रविवारचं रोस्टचं जेवण येतं."

क्लाइव्हने मुकाट्याने आकडा लिहिला: एक.

"एक म्हणजे काय हो?"

इथे त्याने गप्प बसायला हवं होतं. पण त्याच्या विषयातलं काही कुणी आपणहून विचारल्याची सव्वीस वर्षांतली ही पहिलीच वेळ. बिचाऱ्याला भरून आलं.

"शून्य म्हणजे मरण, एक म्हणजे उत्तम तब्येत. तुम्ही गुडघ्यासाठी काहीच सोडायला तयार नाही. म्हणजे आमच्या हिशेबाने गुडघ्याला काही झालेलंच नाही."

"काही म्हणजे काहीच नाही?"

"आमच्या हिशेबाने."

"अगंबाई!" सासूबाई म्हणाल्या आणि गुडघ्यावरून मायेने हात फिरवला.

गुरुवारी तो तास संपवून घरी आला, तर बायको हेझेल दारातच उभी.

"काय सांगितलंस तू आईला?"

"मी? मी फक्त विचारलं."

"तिनं हॉस्पिटलला फोन करून ऑपरेशन रद्द केलं! म्हणाली, 'आमचे जावई डॉक्टर आहेत, विद्यापीठात असतात, त्यांनी स्वतः मोजून सांगितलंय.' तिची तारीख दुसऱ्या कुणाला देऊनही टाकली त्यांनी!"

क्लाइव्हने हॉस्पिटलला फोन लावला. पंचवीस मिनिटं पियानो ऐकवून पलीकडून एक बाई बोलल्या, "आता यादीच्या शेवटी. साधारण चौदा महिने."

"अहो, त्यांना जिना चढवत नाही!"

"इथे तर लिहिलंय, डॉक्टरांनी ठणठणीत ठरवलंय. कोण हो हे डॉक्टर?"

क्लाइव्हने फोन ठेवला आणि तसाच आत गेला. मागोमाग चहा घेऊन हेझेलही.

"आई, आता चौदा महिने थांबावं लागणार. खरं सांगा, दुखतं ना?"

"दुखतं की. रात्री तर जीव जातो."

"मग एक आठवडा तरी सोडायचा होता!"

"का सोडू? इथं चहा हातात मिळतो, लेक जवळ आहे, तुमची किरकिर कानावर पडते. तिकडे घरी बऱ्या गुडघ्यानं करायचं काय? भिंतींशी बोलत हिंडायचं?"

क्लाइव्हला वाईट वाटलं, अगदी मनापासून वाटलं. फॉर्मवर या उत्तरासाठी जागाच नव्हती.

हेझेलला मात्र हसू आवरेना. "बरं, आता तू सांग. दहा वर्षं हे असंच चालायचं. ही खोली परत मिळावी म्हणून त्यातली किती देशील?"

"सहा," क्लाइव्ह म्हणाला. जरासुद्धा विचार न करता.

सासूबाईंनी चष्मा चढवला, कोरा फॉर्म पुढे ओढला आणि बोटांवर मोजलं.

"दहातली सहा गेली, राहिली चार. म्हणजे मी पूर्ण एक, आणि हे अर्धेसुद्धा नाहीत! अगं हेझेल, या घरात आजारी हे आहेत, मी नाही. आण तो फोन इकडे. चौदा तर चौदा महिने, हॉस्पिटलच्या यादीत यांचं नाव तरी लावून टाकू."