तेरा आठी किती

सोमाजीभाऊंनी मला जंगलातून परत आणलं, हे आधीच सांगून टाकतो. हरवलो कसा, ते मागून.

मूलजवळच्या एका राईस मिलमध्ये आम्ही दोघं पोती उचलतो. मी देवगडकडचा, सातवीत शाळा सोडलेला. भाऊ साठीला टेकलेले, इथलेच. त्यांची एक खोड अशी, की दोघंच चाललो तरी माणसं मोजतात. "एक मी, दोन तू, तीन. गिनती बरोबर हाय." चहाच्या टपरीपर्यंत दोनदा. तिसरा कोण, हे विचारायची माझी छाती होत नव्हती. मी नुसता मागे वळून बघायचो. मागे कोणी नसायचं, आणि त्यानंच घाम फुटायचा.

यंदा दिवाळीला मला घरी जाता आलं नाही. आईचा फोन आला की मागे लाटा ऐकू यायच्या आणि मी फोन कानाला आणखी घट्ट लावायचो. पुढं मिलची मोटार बंद पडली, सुट्टी मिळाली. भाऊ म्हणाले, "काऊन तोंड पाडून बसलास? चाल, तुले आमचा समुद्र दाखवतो."

समुद्र म्हणजे वैनगंगेचं जंगलाआड दडलेलं एक वळण. एस.टी.नं जाऊन पुढं तासाभराची पायवाट. भाऊंचा नियम एकच. "बोलत चाल. मुकाट चाललास तं अस्वल दचकते. अन् ते दचकलं का मंग आंगावर येते." भीतीनं मला दुसरं काही सुचेना, म्हणून पाढे सुरू केले. बारापर्यंत ठीक चाललं. तेराचा पाठ व्हायच्या आत माझी शाळा सुटली होती, तेव्हा तिथून पुढे अंदाजे.

"तेरा सक बहात्तर..."

"अठ्ठ्याहत्तर. अस्वलाले चुकीचं नोको शिकवू."

वळणावर खरंच पांढरी रेती होती. तीन बाजूंनी झाडी, कुणाचं पाऊल नाही. भाऊ भाकरीचं फडकं सोडत होते. वर ओढ्याचा धबधबा आहे म्हणाले, तसा मी "आलोच" म्हणून एकटाच चढलो. धबधबा पाहिला, वळलो, तर वाट नव्हती. सगळीकडे तोच बांबू, तोच पाचोळा. हाक मारावी तर कुठल्या दिशेला, कळेना. कुठंतरी पानं वाजली आणि तोंडातून आपोआप पाढा निघाला. मोठ्यानं.

"तेरा आठी नव्व्याण्णव..."

"एकशे चार रे, गाढवा!" खालून उत्तर आलं. "तिथंच उभा राह्य. म्हणत राह्य."

भाऊ बांबू सारत आले. पायात चप्पल नव्हती. माझं मनगट धरलं ते सोडेनात. "एक मी, दोन तू," म्हणाले, आणि खालीच बसले.

मी पहिल्यांदा विचारलं, "तीन कोण, भाऊ?"

"तारा. माही बायको." त्यांनी तळपायातला काटा उपटला. "मोहफुलं वेचून येत होतो. सकाळी भांडण झालं होतं, म्हणून मी मुकाट समोर. एकडाव बी वळून पाह्यलं नाई. घरी येऊन पाहतो तं मांगं कोणी नाई. दुसऱ्या दिवशी टोपली भेटली. टोपलीच."

परतताना मी पाढे सोडले आणि मोजलं. "एक भाऊ, दोन मी, तीन तारावहिनी."

भाऊ वळले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "गिनती बरोबर हाय."

आज माझ्याच्यानं काही होण्यासारखं नाही. पण एक दिवस भाऊंना देवगडला नेईन, खरा समुद्र दाखवीन. एस.टी.त चढल्यावर तीन मोजीन, मगच कंडक्टरला घंटी मारू देईन.