दाजींचा राजा पायी निघाला

दाजींच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन. एकीमागे दाजी, दुसरीमागे त्यांचा मेहुणा. टीव्ही पाठीमागच्या भिंतीवर. दाजींना त्यावर बुद्धिबळाचे धडे हवेत, मेहुण्याला त्याच्या लाडक्या डावखुऱ्या बॉलरची मॅच. रोज कटकट. शेवटी पैज लागली: रविवारच्या स्पर्धेत दाजींनी एक तरी डाव जिंकायचा, नाहीतर रिमोट कायमचा मेहुण्याचा.

पहिलाच डाव पडला गेल्या वर्षीच्या विजेत्याशी. दाजी पांढऱ्या सोंगट्यांसमोर बसले आणि गारच पडले.

"साहेब, राजा-वजीर उलटे मांडलेत."

पंचांनी चष्म्यावरून पाहिलं. "बरोबर आहेत."

"राजा डावीकडे असतो ना?"

"कुणाच्या घरी?"

दाजींना घाम फुटला. दुकानात मेहुण्यालाही त्यांनी तसंच मांडायला शिकवलं होतं! पण पाठ केलेलं हातातून सुटेना. डाव्या कडेच्या घोड्यापुढचं प्यादं एक घर पुढे, त्याच्या जागी उंट, मग घोडा बाहेर. आता ह्यांच्या आड राजा लपवायचा. बघतात तर बंगला इकडे आणि मालक पार तिकडे!

दाजींनी वजीर बाजूला सारला आणि राजाला एकेक घर पायी चालवत बंगल्याकडे न्यायला घेतलं.

विजेता चक्रावला. 'कॅसलिंगची एका चालीतली उडी सोडून राजा पायी? शुद्धीवरचा माणूस असं करेल? नक्की सापळा आहे.' तो सापळा शोधू लागला. हत्तीला हात लावायला गेला, दचकून मागे घेतला. पाणी प्यायला. पुन्हा शोधू लागला.

"तुमची वेळ संपली," पंच घड्याळ बघून विजेत्याला म्हणाले. "काका जिंकले."

"कसा काय?" दाजींनीच विचारलं.

विजेता टेबलावर वाकला. "काका, ह्या ओपनिंगचं नाव तरी सांगा."

"काय माहीत बाबा. दुकानात टीव्हीचा आवाज बंद असतो."

विजेत्याला रात्रभर झोप लागली नसावी. सकाळी दुकान उघडताच तो खुर्चीत हजर. मागे धडा चालू होता. समोर आरशात बघता बघता तो एकदम ताठ झाला. मान मागे वळवून टीव्ही बघितला. पुन्हा आरसा बघितला.

"काका, तुम्ही हे सगळं आरशात बघून शिकलात?"

"मग? मी मान वळवली तर गिऱ्हाइकाचा कान जाईल."

"अहो, आरशात डावं-उजवं उलटं दिसतं!"

दाजींचा वस्तरा हवेतच राहिला. पलीकडच्या खुर्चीमागे कात्रीही थांबली. मेहुण्याचा चेहरा पार उतरला होता.

"दाजी," तो हळूच म्हणाला, "म्हणजे आपला तो डावखुरा बॉलर..."