अकराव्या प्रकरणातल्या चुका

"जावईबापू, तुमचं पुस्तक खोटं बोलतंय," सासूबाई म्हणाल्या.

रविवारची सकाळ होती आणि चारजागे नुकताच चहाचा कप घेऊन खिडकीशी टेकला होता. चारजागे हे काही त्याचं आडनाव नव्हे. त्याच्या कंपनीने संगणकाची एक नवी भाषा काढली होती, ती शिकवणारं जाडजूड पुस्तक कंपनीच्या वेबसाइटवर होतं आणि त्यातली चारशे बारा उदाहरणं सांभाळणं हे त्याचं काम होतं. उदाहरणातली आतली ओळ चार जागा सोडूनच सुरू झाली पाहिजे, तीन नाही, पाच नाही, यासाठी तो नऊ वर्षं सगळ्यांशी भांडत आला होता. ऑफिसने पहिल्याच वर्षी त्याला हे नाव चिकटवलं. आता पगाराची पावती सोडली तर त्याचं खरं नाव कुठे उरलंच नव्हतं.

सासूबाई निवृत्त गणितशिक्षिका. गुडघ्यांनी फिरणं बंद केलं तेव्हा त्यांनी जावयाची भाषा शिकायला घेतली. गेले दोन महिने त्या रोज सकाळी दहा ते बारा या वेळात पुस्तकातलं एकेक उदाहरण दोन बोटांनी टाइप करत आणि चालवून बघत. ते पुस्तक पहिल्या पानापासून ओळीने वाचणारं माणूस पृथ्वीतलावर बहुधा हे एकच असावं.

"का, काय झालं?"

"अकरावं प्रकरण, हमखास होणाऱ्या चुका. इथे म्हटलंय, हा प्रोग्राम चालणार नाही. मी चालवला. चालला की."

"टाइप करताना तुमच्याकडून काहीतरी चुकलं असेल."

"चुकलं म्हणून बरोबर आलं?"

"होतं असं कधी कधी."

सासूबाईंनी चष्मा काढून पुसला. अडतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांच्या चुका काढल्या होत्या. चूक केल्यामुळे उत्तर बरोबर आलं, असा आळ त्यांच्यावर पहिल्यांदाच येत होता. "इकडे या," त्या म्हणाल्या, "आणि तो कप तिथेच ठेवा."

चारजागेने पडद्याकडे पाहिलं. 'चुकीचं' या शब्दाखाली एक प्रोग्राम होता. 'बरोबर' या शब्दाखाली तोच प्रोग्राम होता. अक्षराचाही फरक नाही, आणि दोन्हीकडे कशा अगदी मोजून चार जागा सोडलेल्या.

हा पराक्रम नीटनेटक्याचा होता. नीटनेटका म्हणजे चारजागेने स्वतः नुकताच लिहिलेला एक प्रोग्राम. तो प्रत्येक उदाहरण तपासायचा, राहिलेले कंस लावायचा, ओळी सरळ करायचा. शुक्रवारी नवी आवृत्ती वेबसाइटवर चढली तेव्हा नीटनेटक्याने चारशे बाराच्या चारशे बारा उदाहरणं बरोबर असल्याचं जाहीर केलं होतं आणि चारजागेने त्या आनंदात दोन बिस्किटं जास्त खाल्ली होती. त्यातली सदतीस उदाहरणं मुद्दाम चुकीची होती, नऊ वर्षं पोटच्या पोरांसारखी जपलेली होती, हे बिस्किटं खाताना काही त्याच्या लक्षात आलं नाही.

त्यात वेळही नेमकी वाईट होती. ही भाषा चालवणारं इंजिन बनवणाऱ्या लोकांचा उदाहरणांवर कधीपासूनचा डोळा होता आणि संचालकबाईंनी सांगून ठेवलं होतं, "सोमवारी दहाला मी तक्रारी उघडणार. उदाहरणातल्या चुकीची एक जरी तक्रार निघाली, तर उदाहरणं इंजिनवाल्यांकडे." इंजिनवाले अख्खा प्रोग्राम एका ओळीत लिहायचे आणि त्याला वेग म्हणायचे. आपली उदाहरणं त्यांच्या हाती पडलेली डोळ्यांसमोर आली की चारजागेला खरोखर रडू यायचं.

त्याने लॅपटॉप उघडला. अकराव्या प्रकरणाची जुनी प्रत जपून ठेवलेली होती. ती त्याने वेबसाइटवर पाठवली. वाटेत नीटनेटक्याने ती अडवली आणि निरोप दिला: "सदतीस चुका आढळल्या. दुरुस्त केल्या. धन्यवाद."

"मग तो बंद करा ना," सासूबाई म्हणाल्या.

"बंद करायचा पासवर्ड संचालकबाईंकडे आहे."

"मागा."

"मीच त्यांना लिहून दिलंय, मी पाया पडलो तरी देऊ नका म्हणून."

सासूबाईंनी मुलीकडे पाहिलं. मुलगी भाजी चिरत होती, तिने मान वर केली नाही.

बंद करता येत नसला तरी त्याला नवं काही शिकवायला पासवर्ड लागत नव्हता, मग चारजागेने नीटनेटक्याला समज दिली. सदतीस उदाहरणांच्या डोक्यावर खूण केली आणि शिकवलं की खूण दिसली तर हात लावायचा नाही, पण ते उदाहरण खरंच बंद पडतं का हे चालवून बघायचं, आणि चाललं तर सगळं अडवून धरायचं. बारा वाजेपर्यंत छत्तीस उदाहरणं एकापाठोपाठ एक छान बंद पडली. सदतिसावं मात्र चाललं. त्यात शेवटचा कंस लावलेला नव्हता, तरी पठ्ठ्या चालला.

त्याने इंजिनच्या प्रमुख बाईंना फोन लावला.

"कंस नसला तरी चालतंय हो हे."

"हो, आता आम्हीच लावून घेतो. लोक विसरतात ना बिचारे."

"मला कळवलं नाहीत."

"एवढीशी तर सुधारणा. का हो, पुस्तकात काही गडबड झालीय का?" फोनमधला आवाज एकदम गोड झाला.

"छे छे, सहज केला होता," चारजागे म्हणाला आणि घाम पुसत फोन ठेवला.

आता नवी चूक हवी होती. छत्तिसांवर भागवता आलं असतं, पण प्रकरणाच्या पहिल्याच वाक्यात सदतीस चुकांचं वचन दिलेलं होतं. चारजागे चूक करायला बसला. आयुष्यभर सरळ रेघेत चाललेला माणूस तो, बोटं आपोआप बरोबर तेच टाइप करत होती. अर्ध्या तासाने एक चूक कशीबशी जमली, पण ती इतकी विचारपूर्वक केलेली दिसत होती की कुठल्याही नवशिक्याच्या हातून ती होणं शक्य नव्हतं. शेवटी तो सासूबाईंकडे गेला.

"आई, जरा एक चूक करून द्याल का?"

"कसली?"

"कसलीही. सहज होते तशी."

"माझ्या हातून सहज होत नाही," सासूबाई म्हणाल्या. पण जावयाचा चेहरा पाहून त्या संगणकासमोर बसल्या. प्रत्येक अक्षर मोठ्याने म्हणत त्यांनी मनापासून चुकवत चार ओळी टाइप केल्या. प्रोग्राम पहिल्या झटक्यात चालला. सासूबाईंना झालेला आनंद लपवता आला नाही.

"तुम्हाला दोघांना जेवायचं नाहीये का?" बायको ओले हात पुसत बाहेर आली. संगणकाचा तिला मनस्वी तिटकारा होता. चारजागेने तिला जवळजवळ हाताला धरून खुर्चीत बसवलं आणि सांगितलं की हे समोरचं बघून फक्त एक ओळ लिही.

"गॅसवर भात आहे माझा," असं म्हणत तिने भाताकडे बघत एक ओळ लिहिली आणि उठून गेली. एका ओळीत सात चुका होत्या. चारजागे भारावून बघत राहिला. त्यातल्या सहा त्याने दुरुस्त केल्या आणि दशांशचिन्हाच्या जागी पडलेला स्वल्पविराम तेवढा ठेवला. प्रोग्राम लालभडक संदेश देत बंद पडला, नीटनेटक्याने वाट सोडली आणि घरात दोन वाजता पानं वाढली गेली.

सोमवारी दहाला संचालकबाईंच्या खोलीत तो आणि इंजिनच्या प्रमुख बाई समोरासमोर बसले. तक्रार एकच होती, शनिवारी संध्याकाळची.

संचालकबाई वाचू लागल्या. "अकराव्या प्रकरणात सदतीस चुका देण्याचं कबूल केलेलं आहे. मी सर्व उदाहरणं स्वतः चालवून पाहिली. एकही चूक मिळाली नाही. वाचकांची ही फसवणूक आहे. चुका त्वरित पुरवाव्यात." खाली लिहिलं होतं, एक निवृत्त शिक्षिका.

चारजागेने डोळे मिटून घेतले. एका छपराखाली राहणारी बाई, आणि शनिवारी एका शब्दाने बोलली नाही.

"तक्रार ती तक्रार," इंजिनच्या बाई म्हणाल्या.

"मी म्हटलं होतं, चुकीची तक्रार," संचालकबाई सावकाश म्हणाल्या. "ही तर चुका नसल्याची आहे." त्यांनी वेबसाइट उघडून पाहिली. "आणि आता सदतीसच्या सदतीस आहेत. कोणी घातल्या?"

"मी. काल. घरच्यांची मदत झाली."

"उदाहरणं यांच्याकडेच राहतील," संचालकबाईंनी इंजिनच्या बाईंना सांगितलं. चारजागेला त्यांना मिठी मारावीशी वाटली, पण त्यांचं बोलणं संपलं नव्हतं. "ही शिक्षिका अकराव्या प्रकरणापर्यंत पोचलीय. मी स्वतः चौथ्याच्या पुढे गेलेली नाही. यापुढे तिच्या सहीशिवाय एकही उदाहरण बाहेर जायचं नाही. मानधन देऊ. शोधून काढा तिला."

"शोधावं नाही लागणार," चारजागे म्हणाला.

संध्याकाळी त्याने घरी जाब विचारला. "मला आधी सांगायचं ना, आई."

"पानाच्या तळाशी लिहिलंय, चूक आढळल्यास इथे कळवा. जावयाला कळवा असं कुठे लिहिलंय? उत्तर आलं नाही, म्हणून काल चहाच्या वेळी विषय काढला." मग त्यांनी नेमणुकीचं पत्र दोनदा वाचलं, घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं. "उद्या सकाळी सातला. पहिलं प्रकरण घेऊन."

दुसऱ्या दिवशी सात वाजून चार मिनिटांनी चारजागे छापलेली पानं छातीशी धरून सासूबाईंच्या खोलीबाहेर उभा होता. आपल्याच घरात, दार उघडं असताना, त्याच्या तोंडून निघून गेलं, "आत येऊ का?"

"ये," आतून आवाज आला. "आणि उशीर का झाला ते सांग आधी."